तीन पडदे खाली

“या वयात गिटार? आणि ती कशाला म्हणे?”

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला किती जणींनी विचारला, त्याची गणती नाही. शेजारणींनी विचारला, नणंदेनं फोनवर विचारला, शाळेतल्या बाईंनी विचारला आणि एकदा तर पाठीवरची गिटार बघून भाजीवालीनंही विचारला. मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर मात्र साधं होतं, आणि थोडं लाजण्यासारखंही. फी फुकट जाऊ नये म्हणून!

झालं असं, की आमच्या चिरंजीवांनी आठवीत गेल्यावर गिटारचा हट्ट धरला. धाकट्या दिरांनी मुंबईहून येताना गिटार आणली. मारुती मंदिराजवळच्या एका क्लासची तीन महिन्यांची फी आम्ही एकदम भरली. आणि तिसऱ्याच आठवड्यात चिरंजीवांना शोध लागला, की आपल्याला खरी आवड फुटबॉलची आहे. फी परत मिळत नव्हती. मी क्लासच्या सरांना विचारलं, “त्याच्याऐवजी घरातलं दुसरं कुणी आलं तर चालेल का?” ते म्हणाले, “चालेल की.” दुसरं कुणी म्हणजे कोण, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. यांना ऑफिस, धाकटी अजून दुसरीत आणि सासूबाईंना गिटार शिकायला पाठवणं शक्य नव्हतं. राहिले मी.

मी सदतीस वर्षांची. इथल्याच गोगटे-जोगळेकर कॉलेजातून बी. ए. झालेली. एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवते, उरलेलं सगळं घर. संगीत अगदीच अनोळखी नव्हतं. माहेरी असताना पेटी शिकले होते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षाही दिल्या होत्या. लग्नानंतर त्या पेटीचा उपयोग एकाच ठिकाणी झाला, तो म्हणजे सासूबाईंच्या भजनी मंडळात. दर सोमवारी आळीतल्या बायका जमायच्या. सासूबाई पुढे गायच्या, मागे बाकीच्या, आणि पेटीवर सूनबाई. दहा-अकरा वर्षं हे चाललं. मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी मंडळात जाणं सोडलं. “गुडघे धरतात गो, मांडी घालून बसवत नाही,” म्हणाल्या. गुडघे खरोखरच दुखत होते, त्यामुळे मीही फार विचार केला नाही. पेटी कपाटावर गेली आणि तिच्यावर सतरंजीची घडी बसली.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी गेले तर माझे वर्गबंधू-वर्गभगिनी म्हणजे सहावी ते दहावीतली आठ मुलं. त्यातली दोघं माझ्याच शाळेतली! सर पंचविशीचे. “या काकू, बसा,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. बाहेर मी मुलांची बाई आणि इथं काकू. ती दोन मुलं माझ्याकडे अशी बघत होती, की बाईंना गणवेशाविनाच वर्गात बसवलंय.

गिटार हे वाद्य बायकांच्या अंगावरच्या वस्तूंचा विचार करून बनवलेलं नाही, हे तासाभरात कळलं. उजव्या हातातल्या बांगड्या लाकडावर आपटतात. मंगळसूत्राच्या वाट्या मागच्या बाजूला घासतात. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापावी लागतात. आणि पोलादी तारा! पहिले पंधरा दिवस डाव्या बोटांची टोकं अशी हुळहुळी झाली, की सोलकढीसाठी सोलं कुस्करताना डोळ्यांत पाणी यायचं. यांनी बघितलं आणि म्हणाले, “घरात आधीच दोन वाद्यं होती, मिक्सर आणि तू. आता तिसरं.” मी उत्तर दिलं नाही. महिनाभरात बोटांना घट्टे पडले आणि दुखणं थांबलं.

सरांनी आधी शिकवली ती पांढरी एकची सरगम, म्हणजे इंग्रजीत ज्याला सी मेजर म्हणतात ती. आपला बिलावल थाटच, सगळे शुद्ध स्वर. ही सरगम दांडीच्या अगदी टोकाला, पहिल्या तीन पडद्यांत आणि मोकळ्या तारांवर वाजते. सर पडद्याला ‘फ्रेट’ म्हणतात, माझ्या तोंडी सतारीमुळे पडदाच बसलेला. हे तीन पडदे मला लवकर जमले. मला वाटलं, चला, आली गिटार. पण माझा सगळा संसार तेवढ्याच जागेत. पुढची सगळी लांबलचक दांडी नुसती शोभेला! सर म्हणाले, “काकू, तुम्ही घराच्या ओटीवरच बसलाय. आत चला.”

आत जायचं तर कसं? पेटीवर प्रश्न नसतो. तिथं एका सुराची एकच पट्टी. ती दिसते, बोट ठेवलं की वाजते. गिटारवर तोच सूर चार जागी सापडतो. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की जो सूर येतो, तोच तिच्या शेजारच्या तारेवर पाचव्या पडद्यावर येतो, त्याच्या पुढच्या तारेवर नवव्यावर, आणि त्याच्याही पुढच्या तारेवर चौदाव्यावर. मला हे फार बेशिस्तीचं वाटलं. एका माणसाचे चार पत्ते कशाला हवेत?

मग सरांनी एक गोष्ट करायला लावली, ती मी कुणालाही करायला सांगेन. ते म्हणाले, “पाच तारा विसरा. एकाच तारेवर सरगम वाजवा.” मोकळी तार म्हणजे सा. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा. ग-म आणि नी-सा शेजारी शेजारी, बाकी सगळीकडे मध्ये एक पडदा सोडायचा. सप्तकातले बारा स्वर ते हे बारा पडदे. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे मला इतकी वर्षं वाटायचं, की काही स्वर रस्त्यावर आणि काही माडीवर राहतात. इथं सगळे एका रांगेत, एकाच जमिनीवर होते.

घरी येऊन मी शिवणाची टेप काढली आणि तार मोजली. दांडीच्या टोकापासून खालच्या घोडीपर्यंत ६५ सेंटिमीटर. बारावा पडदा बरोबर साडेबत्तीसवर, म्हणजे निम्म्यावर. पंचमाचा सातवा पडदा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आणि मध्यमाचा पाचवा जवळजवळ पाव तारेवर. अर्धा, पाव आणि तिसरा हिस्सा! आपल्या स्वयंपाकघरातलीच मापं. पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त रुंद आणि बारावा जेमतेम दोन, कारण तार जितकी आखूड होत जाते, तितकं पुढचं पाऊलही आखूड पडतं. बी. ए.ला मराठी घेतलेल्या बाईला गणितातला हा आनंद उशिराच मिळाला.

गिटारच्या सहा तारा कशा लावतात, तेही आपल्या भाषेत सांगते. प्रत्येक तारेला सा मानलं, तर तिच्या पुढची तार तिच्या मध्यमात लावलेली असते. म्हणून पाचवा पडदा दाबला की पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. सहा तारांमध्ये असे पाच उंबरठे. त्यातले चार मध्यमाचे आणि एकच, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमधला, गंधाराचा. अनेक तारा एकदम धरून छेडताना बोटांना सोपं जावं, म्हणून ही तडजोड. दुसऱ्या तारेवर गेलं की सगळं एक पडदा पुढे सरकतं, एवढं लक्षात ठेवायचं. बुटक्या दाराशी डोकं वाकवावं तसं.

आणि मग ती चाल आली. मधल्या बोटानं जाड तारेवर सा धरायचा आणि करंगळीनं रे. पुढच्या तारेवर तर्जनी ग, मधलं बोट म, करंगळी प. त्याच्या पुढच्या तारेवर तर्जनी ध, अनामिका नी, करंगळी सा. गिटारवर तर्जनीला एक म्हणतात. पेटीत अंगठा एक असतो, त्यामुळे मी सुरुवातीला सारखी चुकायची. तर चाल झाली: दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, एस. टी.ची वाट बघताना हे माझ्या तोंडात असायचं. धाकटीला वाटलं, आई कुठला तरी विचित्र पाढा म्हणतेय.

त्यातली मौज नंतर कळली. ही चाल जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापासून सुरू केली की पांढरी पाचची सरगम होते. चौथ्यापासून काळी चारची आणि पाचव्यापासून पांढरी सहाची. बोटं तीच, आकडे तेच, फक्त हात उचलून पुढे ठेवायचा. शेजारच्या तारेवरून सुरू केली तरी तीच चाल. पेटीवर असं होत नाही. काळी चार धरली तर सरगमीत चार काळ्या पट्ट्या आणि तीन पांढऱ्या येतात, पांढरी चार धरली तर एकच काळी, काळी पाच. प्रत्येक सा बदलला की बोटांची सगळी मांडणी बदलते. बारा सा, बारा मांडण्या. म्हणून आमच्यासारखे घरगुती पेटीवाले एक-दोन पट्ट्या पक्क्या करतात आणि जन्मभर तिथंच राहतात. माझी काळी चार. माहेरी बाईंनी तिथून शिकवलं आणि मी तिथंच राहिले.

पेटीला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. तिला ती पुष्कळांनी ठेवली आहेत. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदीच घातली होती, ती १९७१ साली सैल झाली. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड पेटीला जमत नाही, हा मुख्य आक्षेप. पडदे ठोकून बसवलेल्या गिटारवरही तो येतोच, पण तिथं तार बोटानं बाजूला ओढून थोडी मींड काढता येते. आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर पडदे बाजूलाच ठेवले. तारेवरून पोलादी कांडी फिरवून त्यांनी गिटारवर राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती आजही लोक ऐकतात. स्पेनचे मोठे गिटारवादक सेगोव्हिया यांनी सरगमींच्या अभ्यासासाठी बोटांची मांडणी छापून काढली, ती १९५३ साली. सरांनी मला तिची झेरॉक्स दिली. ती बघून मला आमच्या पेटीच्या बाईंचे अलंकार आणि पलटे आठवले. म्हणजे स्पेनमध्येही सुटका नाहीच!

तीन महिने संपले. पुढच्या तिमाहीची फी मी माझ्या शाळेच्या मानधनातून भरली. त्या दिवशी ‘फी फुकट जाऊ नये’ हे कारण संपलं आणि मला जरा भीतीच वाटली. आता कुणी विचारलं तर काय सांगू?

आता अभ्यास होता तो चाली एकमेकींना जोडायचा. सरांनी सांगितलं, एकच सा घ्या आणि तो दांडीवर जिथं जिथं आहे तिथून सरगम वाजवा. मी धाकटीच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि दांडीच्या कडेला, जिथं जिथं सा येतो तिथं लाल टिकल्या लावल्या. सर हसले, पण पुढच्या आठवड्यात सहावीतल्या मुलीच्या गिटारवरही टिकल्या दिसल्या. दुपारी जेवणं आवरली की अडीच ते तीन ही माझी वेळ. आधी एका तारेवर, मग चालीत, मग एका चालीतून बोट सरकवून दुसरीत. हळूहळू दांडीवरची अनोळखी जागा कमी होत गेली. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा मला घर ते राम आळी एवढाच रस्ता माहीत होता, बाकी गाव नुसतं ऐकून. कधी तरी एका बोळातून बाहेर पडले आणि समोर ओळखीचं दुकान दिसलं. अगो बाई, हे इथं निघतं होय! तसं व्हायचं.

आणि मग ती ऑक्टोबरातली दुपार. परतीचा पाऊस, ढगांचा गडगडाट, वीज गेलेली. मी माजघरात खिडकीशी गिटार घेऊन बसले होते. सासूबाई पलीकडे ओटीवर, खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी नेहमीप्रमाणे काळी चारपासून सुरुवात केली, पाचव्या तारेवर अकरावा पडदा. चाल वाजवली आणि एक पडदा खाली आले. पुन्हा वाजवली, आणखी एक खाली. असं करत आठव्या पडद्यावर आले, म्हणजे पांढरी चारवर. तेव्हा ओटीवरून आवाज आला. सासूबाई गुणगुणत होत्या, माझ्या सरगमीबरोबर. त्यांचं त्यांनाही लक्षात नसावं.

मी पुढे जाऊन सातव्या पडद्यावर गेले, तर आवाज थांबला. परत आठव्यावर आले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. मग मी तिथून हललेच नाही. दहा मिनिटं तोच सा, तीच चाल, वर आणि खाली. मग तिकडे गुणगुणण्याचे शब्द झाले. त्यांचा नेहमीचा अभंग, दोन वर्षांत न ऐकलेला. आवाज भरलेला, मोकळा. वरच्या सुरावर जाताना कुठं ओढाताण नाही. मी नुसता सा आणि प छेडत राहिले. पाऊस होताच.

आणि हात चालू असतानाच मला ते आठवलं.

दोन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. आळीतल्या देवळात पंधरा-वीस बायका. पेटीवर मी, काळी चारमध्ये. सासूबाई गात होत्या आणि वरच्या सुरावर आवाज पोचत नव्हता, खाली उतरत होता. मला पेटीशी जुळेना, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, “आई, जरा वर घ्या ना, सूर उतरतोय.” मी सहज म्हणाले होते, शाळेत मुलांना म्हणते तसं. त्या हसल्या. दोन ओळी म्हणून त्यांनी शेजारच्या बाईंना खूण केली आणि पुढचं त्यांनी म्हटलं. पुढच्या सोमवारी गुडघे दुखायला लागले.

गुडघे दुखतच होते. पण गुडघे दुखणारं माणूस खुर्चीत बसूनही गाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात दोन वर्षांत एकदाही आलं नाही. तीन पडदे. त्यांच्या आवाजात आणि माझ्या पेटीत फक्त तीन पडद्यांचं अंतर होतं. बायकांची पाळी गेली की पुढे वयाबरोबर स्वरतंतू थोडे जाड होतात आणि आवाज खाली येतो, वरचे सूर जड जातात. हे अगदी नैसर्गिक आहे, चष्म्याचा नंबर बदलतो तसं. नंबर बदलला तर आपण चष्मा बदलतो, डोळ्यांना रागावत नाही. मी मात्र माझी पट्टी तशीच ठेवली आणि त्यांना वर यायला सांगितलं. का? तर माझ्या बोटांना दुसरीकडे जाता येत नव्हतं म्हणून. आणि हे सांगताना मी, प्रवेशिका पूर्ण झालेली, सूर त्यांचा चुकतोय असं म्हणत होते.

पेटीच्या पहिल्याच धड्यात बाईंनी सांगितलं होतं, सा हा गाणाऱ्याचा असतो, वाजवणाऱ्यानं तो शोधायचा. ते मी परीक्षेत लिहिलंही असेल. ते कळायला गिटारची दांडी चढून उतरावी लागली.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. कसं सुरू करावं कळेना. म्हटलं, “आई, त्या आषाढीला मी सगळ्यांपुढे बोलले ते चुकलं माझं. तुमचा सूर नव्हता चुकत. माझी पट्टी वरची होती.”

त्या वाती वळत होत्या. हात थांबला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, “मला वाटलं, गळाच गेला गो आता. म्हटलं, म्हातारपण आलं, सोडून द्यावं. लोकांपुढे हसं कशाला.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू एवढ्या परीक्षा दिलेली. तुला कळत असणार असं वाटलं.”

एवढंच बोलणं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेटी कपाटावरून खाली काढली. भात्यातली हवा जरा गळत होती, दोन पट्ट्या दमट हवेनं फुगून अडकल्या होत्या. समुद्रकाठच्या गावात वाद्य ठेवायचं म्हणजे लोणचं सांभाळण्याइतकंच काम. (गिटारलाही तोच जाच. इथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्यानं पुसायची, गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही, खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या. नाहीतर तारा महिन्यात गंजतात.) पेटी दुरुस्त करून आणली आणि पांढरी चार घेऊन बसले. बोटं सवयीनं काळी चारकडे धावायची. पण आता माझ्याकडे युक्ती होती. दोन पावलं, दोन पावलं, एक पाऊल. दोन, दोन, दोन आणि एक. दांडीवर जे मोजलं, तेच पट्ट्यांवर मोजत गेले. पट्टीचा रंग कुठला, याकडे बघितलंच नाही. महिनाभरात पांढरी चार बसली, आणि जरा धीर करून पांढरी तीनही.

कार्तिकी एकादशीला सासूबाई देवळात आल्या. त्यांच्यासाठी खुर्ची नेली होती, ती यांनी स्वतः उचलून नेली. मी पांढरी चार धरली. पहिल्या अभंगात दोनदा बोट चुकलं, कुणाच्या लक्षात आलं असेल-नसेल. सासूबाई गायल्या. मला वाटत होतं, हे सगळं त्यांच्यासाठीच आहे. पण आरतीनंतर मागच्या रांगेतल्या दोघी साठी-पासष्टीच्या बायका पेटीजवळ आल्या. एक म्हणाली, “आज काय केलंस गो? घसा दुखलाच नाही.” दुसरी म्हणाली, “मी तर कधीपासून नुसते ओठच हलवायचे.”

नुसते ओठ हलवायच्या! किती सोमवार हलवले असतील, कोण जाणे. आणि मी पुढे पेटीवर बसून मंडळ कसं छान चाललंय म्हणत होते.

गिटार अजून चालू आहे. फार येते असं नाही. सगळ्या सहा तारा एका तर्जनीनं दाबायच्या असतात ते मला आजही नीट जमत नाही, एक तरी तार मुकी राहते. पण सरगम आता दांडीवर कुठूनही कुठेही नेता येते. शाळेत स्नेहसंमेलनाच्या गाण्यांना मी आता आधी मुलींना गाऊ देते, त्यांचा सा बघते आणि मग पट्टी ठरवते. दांडीवरच्या टिकल्या एक एक करत गळून पडल्या. शेवटच्या दोन मीच काढल्या.

आता कुणी विचारलं, “या वयात गिटार कशाला?” तर मी फीचं कारण सांगत नाही. मैत्रिणींनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेल, आणि घरात कुणी तरी गाणं सोडलेलं असेल, तर “आवाज गेला” हे ऐकून गप्प बसू नका. दोन-तीन पट्ट्या खाली जाऊन बघा. शेजारी बसा आणि हळूहळू खाली या. त्यांचा आवाज कुठं सुरू होतो, ते कान देऊन ऐका.

परवा सोमवारी मंडळाला निघताना मी पेटी उचलली, तेव्हा सासूबाई देवघरातून टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या.

“त्या पांढरी चारवर एक लाव गो,” म्हणाल्या, “म्हणजे तू परत वर चढणार नाहीस.”